लालीचं परदेशातलं नाव

जयेश पाटीलने माझे फोन उचलणं बंद केलं, तेव्हा टायटल लॉकला तीन दिवस उरले होते.

टायटल लॉक म्हणजे काय ते आधी सांगते. व्हिडिओ गेम एखाद्या देशात विक्रीला ठेवायचा, तर ऑनलाइन दुकानाला त्याचं तिथलं नाव ठरलेल्या तारखेपर्यंत कळवावं लागतं. ती तारीख गेली की त्या खेपेला गेम बाहेर राहतो. आमची तारीख शुक्रवार होती. जयेशने फोन बंद केला तो मंगळवार.

मी नंदुरबारला राहते आणि गेम लोकलायझेशनचं काम करते. एका देशात तयार झालेला गेम दुसऱ्या देशातल्या माणसाला परका वाटू नये म्हणून जे जे करावं लागतं, ते म्हणजे लोकलायझेशन. पुण्याची एक पब्लिशर कंपनी, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले गेम बाजारात आणणारी, गेली अकरा वर्षं मला घरबसल्या काम देते. माझ्याकडे मुख्यतः टायटल रिपोर्ट असतात. म्हणजे एखाद्या देशात गेमचं मूळ नाव चालेल का, आणि नसेल चालत तर दुसरं कोणतं, याचा दोन पानांचा अहवाल.

एकच गेम, मग प्रत्येक देशात नाव वेगळं कशाला, असं मला नातेवाईकही विचारतात. कारणं साधी आहेत. कधी त्या देशात तेच नाव दुसऱ्या कोणीतरी आधीच रजिस्टर केलेलं असतं. कधी ते तिथल्या तोंडात बसत नाही. कधी नावावरून गेम कशाचा आहे तेच कळत नाही. काही देशांत लोकांना छोटं, ठसठशीत नाव आवडतं, तर काही ठिकाणी नावातच अर्धी गोष्ट सांगावी लागते. एका देशासाठी मी गेमच्या नावातला चारचा आकडा काढायला लावला होता, कारण तिथे चार अशुभ मानतात. शिवाय फोनच्या पडद्यावर चित्राखाली जागा किती, हाही प्रश्न असतोच. माझ्या रिपोर्टमध्ये म्हणून चार रकाने असत: नोंदणी, उच्चार, अर्थ, जागा.

माझे रिपोर्ट पुण्याला जाण्याआधी श्रीकांत वाचत असे. श्रीकांत माझा नवरा, कॉलेजात ग्रंथपाल होता. गेम त्याने आयुष्यात एकही खेळला नाही, पण माझे स्वल्पविराम तो पेन्सिलने दुरुस्त करायचा. गेल्या भाद्रपदात तो गेला. नंतर चार महिने मी काम घेतलं नाही. जयेशच्या गेमचा रिपोर्ट हे त्यानंतरचं पहिलं काम. गेम करणारा मुलगा कोरीटचा आहे, म्हणजे आपल्याच तालुक्यातला, एवढ्यासाठी मी हो म्हटलं होतं.

गेमचं नाव ‘लाली’. त्यात मिरची वाळवायची असते. आमच्या भागात ओली लाल मिरची मोकळ्या मैदानावर पसरून वाळवतात, त्या मैदानाला पथारी म्हणतात. खेळणाऱ्याकडे एक पथारी असते. मिरची पसरायची, वेळेवर उलटायची, ढग आले तर झाकायची, आणि ती नेमकी किती लाल झाली की गोळा करायची ते ओळखायचं. घाई नाही, मारामारी नाही. एकतीस वर्षांच्या जयेशने एकट्याने चार वर्षं खपून हे केलं होतं. इंजिनिअरिंग झाल्यावर सुरतची नोकरी सोडून तो त्यासाठी गावी परतला होता.

भारतात ‘लाली’ला काहीच अडचण नव्हती. अडचण जर्मनीत आली. तिथे लहान मुलांची खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीकडे हे नाव रजिस्टर होतं आणि त्या नोंदणीत व्हिडिओ गेमही येत होते. म्हणजे ‘लाली’ नावाने गेम तिथे विकला असता, तर वकिलाची नोटीस ठरलेली. रिपोर्टमध्ये मी पहिल्या रकान्यात ‘चालणार नाही’ लिहिलं आणि नेहमीप्रमाणे सहा पर्यायी नावं सुचवली. रुपाली मॅडमनी, म्हणजे पब्लिशरच्या मॅनेजरनी, त्यांतलं एक निवडून ती यादी जयेशला पाठवली. त्याचं उत्तर येईना, म्हणून मी फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, मिरची हॅपी कशी असते?”

निवडलेलं नाव होतं ‘हॅपी चिली’. मी नोंदणी, खेळणी कंपनी, नोटीस हे सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, “बरं” म्हणाला, आणि त्यानंतर फोन उचललाच नाही. संध्याकाळी पुण्याला त्याचा मेल गेला. जर्मनीत गेम काढायचा नाही, करार रद्द करा.

बुधवारी सकाळी रुपाली मॅडमचा फोन आला. त्यांचं म्हणणं, गेमची सगळी आशा जर्मनीवर आहे. असे संथ गेम तिथे आवडीने घेतात. इथे लोक फुकट डाउनलोड करतील, दोन दिवस खेळतील आणि काढून टाकतील. जर्मनी गेली तर कंपनी या मुलाचा पुढचा गेम घेणार नाही, हे वरून ठरलेलं आहे.

“वसुधाताई, तुम्ही त्याच्या जवळ आहात. जाऊन या ना.”

“नाव बदलायला कुणाच्या घरी जायची माझी ही पहिलीच वेळ,” मी म्हटलं.

“मग काय झालं? तो हट्ट करतोय, बाकी काही नाही.”

मलाही तसंच वाटत होतं. अकरा वर्षांत मी शंभरावर नावं बदलली असतील आणि गेम बनवणाऱ्या एकाही माणसाला भेटले नव्हते. दुपारची रिक्षा धरून कोरीटला गेले. पदराने नाक झाकलं होतं, तरी गावाबाहेरच्या पथारीपाशी पोचेपर्यंत चार वेळा शिंकले.

जयेश वडिलांसोबत मिरची उलटत होता. मला पाहून तो अवघडला. नमस्कार केला, पण हातातलं काम सोडलं नाही. वडिलांनी मला बाजेवर बसवलं. मी कोण ते कळल्यावर ते मुलाकडे पाहून हसले. “हाऊ पंख्याखाले बठीसन मिरच्या सुकाडस. मन्ही मिरचीले ऊन लागस.”

मग ते आपल्या कामाला लागले. मी जयेशला विचारलं, हे नाव आलं कुठून? त्याने मूठभर मिरची उचलली आणि वडिलांपुढे धरली. “बापू, उनी का लाली?”

“आते नको दखाडू,” बापू मान वर न करता म्हणाले. “दुपारमा समदं लालच दिखस. सांजले दखू.”

जयेशने मला समजावलं. भर उन्हात अर्धवट वाळलेली मिरचीसुद्धा पुरती लाल दिसते आणि माणूस फसतो. म्हणून बापू दिवसभर मिरचीचा रंग पाहतसुद्धा नाहीत. सूर्य कलला की एक मिरची तळहातावर घेतात, उजेडाकडे पाठ करतात आणि मग सांगतात. लहानपणापासून रोज संध्याकाळी घरात एवढंच ऐकू यायचं, लाली आली की नाही. गेममध्येही हेच होतं. दुपारी पाहून गोळा केलेली मिरची नंतर काळी पडते. माझ्या रिपोर्टमध्ये ‘अर्थ’ या रकान्यात मी ‘रेडनेस’ असा एक शब्द लिहून पुढे गेले होते.

चहाला घरी गेलो. जयेशच्या आईचं नाव शोभाताई. त्या गुजरातच्या बाजूच्या गावातून लग्न होऊन इथे आलेल्या. “कालदिनपाईन धड जेवना नही,” मुलाकडे बोट करून त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. नाव बदलायचं आहे हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं, आई आपल्या बाजूने बोलेल. मी म्हटलं, शोभाताई, लग्न झाल्यावर मुलीचं नाव बदलतात, तसंच हे आहे. गेम तोच राहणार. सासरी फक्त वेगळ्या नावाने ओळखतील.

ही तुलना मला सुचली याचं मला जरा समाधानही वाटलं.

त्यांनी कपबशी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, “मन्हं बी बदलं. मायेरमा मी जमना. आठे उनू, शोभा व्हयनू.”

“मग? राग आला होता?”

“नाव बदलं त्याना नही,” त्या म्हणाल्या. “ताटमा तांदूय व्हतात, त्यामा लिखेल व्हतं. मी वाचं. माले कोन्ही इचारं नही, ताई.”

मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “जयेशले इचारं का तुम्ही?”

मी यादी आठवली. सहा नावं मी काढली होती, त्यांतलं एक पुण्यात निवडलं गेलं होतं. जयेशला ते कळवलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

जयेश दारात उभा होता. तो आत येऊन बसला. मी यादी पर्समध्ये ठेवली, कोरा कागद काढला आणि त्याला म्हटलं की ‘लाली’ तिथे चालणार नाही, याला माझ्याकडे खरंच इलाज नाही. पण दुसरं नाव कोणतं, ते मी सांगणार नाही, तू सांग. त्याला घाई करू नये एवढं मला कळत होतं. शोभाताईंनी आणखी एकदा चहा टाकला.

चहा झाला. मग तो उठला, “चला” म्हणाला, आणि आम्ही पुन्हा पथारीवर गेलो. ऊन कललं होतं. बापूंनी एक मिरची उचलली, तळहातावर ठेवली, उजेडाकडे पाठ केली. दुपारी नुसती भगभगीत दिसणारी पथारी आता एका जागी गडद, एका जागी फिकी अशी वेगवेगळी दिसू लागली होती. बापू म्हणाले, अजून दोन दिवस.

“संध्याकाळची लाली,” जयेश म्हणाला. “हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात ते म्हणा. चालेल मला.”

मी तिथूनच जर्मनीतल्या सहकारी बाईंना मेल केला. त्या आमचं तिकडचं भाषांतर पाहतात. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. संध्याकाळी आभाळात जो तांबडा रंग पसरतो, त्याला त्यांच्या भाषेत एक जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे. गेमसाठी तो शब्द कुणी रजिस्टर केलेला दिसला नाही, वकिलांनीही तसंच कळवलं. लहान आहे, चित्राखाली मावतो. रुपाली मॅडम म्हणाल्या, “यात चिली कुठे आहे?” मी म्हटलं, चित्रात आहे. त्या हसल्या आणि शुक्रवारी सकाळी नाव लॉक झालं.

जर्मनीत गेम बेताचा चालला. फार गाजला नाही, पण खेळणाऱ्यांनी तो अर्ध्यावर सोडलाही नाही. कंपनीने जयेशचा पुढचा गेम घेतला. त्या नव्या नावाचा तिथे एकदाही घोळ झाला नाही. कोरीटला मात्र सगळे ‘लाली’च म्हणतात. बापू ‘पोऱ्याना मोबाइल’ म्हणतात.

गेम बाहेर पडायच्या आदल्या आठवड्यात जयेशचा मेसेज आला. गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात, त्याला क्रेडिट्स म्हणतात. तिथे माझं नाव काय टाकू, असं त्याने विचारलं होतं. अकरा वर्षांत कंपनी न विचारता ‘वसुधा’ टाकत आली. माझ्या सगळ्या कागदांवर तेच आहे, लग्नात तांदळांत लिहिलेलं. माहेरी मी कुंदा. श्रीकांत माझ्या मोठ्या भावाचा मित्र. सासूबाईंनी सांगितलं म्हणून तांदळांत ‘वसुधा’ त्याने स्वतः लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मला कुंदाच म्हणत राहिला. भाऊ आधीच गेला होता. भाद्रपदानंतर त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही.

मी जयेशला ‘कुंदा’ असं कळवलं. त्याने कारण विचारलं नाही.

माझ्या टायटल रिपोर्टमध्ये आता पाच रकाने असतात. पाचवा मी हाताने वाढवला आहे: ‘ज्याचं नाव बदलायचं, त्याला विचारलं का?’ रुपाली मॅडमना तो अनावश्यक वाटतो. अजून त्यांनी काढलेला नाही.