दिवस राहण्याआधीची गोळी

त्या वर्षी मला सगळ्यात जास्त दमवलं ते एका एवढ्याशा पिवळ्या गोळीने.

पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. सोनोग्राफीत दिसलं की डोक्याची कवटीच धरली नव्हती. गोंदियाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तीन महिने आधीपासून घ्यायची, आणि दिवस राहिल्यावरही तीन महिने. "औरत को पता चलने से पहले ही बच्चे का सिर बनने लगता है. पहले गोली, फिर बच्चा." नवऱ्याने घरी आईला एवढंच सांगितलं, "पडलं." कवटीचं बोलू नको, गावभर होईल, असं मला बजावलं. मी हो म्हटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

रोज जेवण झालं की मी गोळी घ्यायचे आणि सासूबाई बघायच्या. आमच्याकडे गोळ्या आणून देते आरोग्य केंद्राची आशाताई, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्याही तिच्या त्याच पिशवीतून निघतात. पोटुशी नसलेली सून रोज गोळी खाते म्हटल्यावर सासूबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं. माझ्याशी बोलणं टाकलं. भांड्यांशी मात्र भरपूर बोलायच्या. शेजारणी आल्या की "आमच्या इथं नातू नाई दिसनार," हे मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दोन महिने मी तो खाल्ला.

एका सकाळी, धानाच्या रोवणीला निघायच्या घाईत, डब्यात गोळ्यांचं पाकीट सापडेना.

"मीच घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "तुले लेकरूच नाई पायजे, त मंग लग्न कायले केलं?"

मला धड रागही येईना. नवऱ्याला दिलेला शब्द गेला खड्ड्यात. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. सोनोग्राफी, कवटी, गोळी कशासाठी, आणि अजून एक महिना का घ्यायची आहे ते.

 सासूबाई माझ्यासमोर बसल्या.

"माह्या पयल्याचंबी डोस्कं तसंच होतं," त्या म्हणाल्या. "दाईनं कपड्यात गुंडाळलं, पन मले दिसलं. तुह्या सासऱ्यानं म्हटलं, तूच सूर्याच्या गिरानात भाजी चिरली. मी आजवरी मानूनच राहिली होती का माह्याच हातानं झालं."

 त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं, एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पाण्याचा गडू सरकवला.

"तवा अशी गोळी होती काय?"

होती. फार जुनी, स्वस्त गोळी आहे, डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं होतं.

"नोती, आई," मी म्हणाले, आणि गोळी गिळली.