शेठजींच्या बोहणीचा मेसेज

वसंताला कंपनीत सगळे 'कंप्युटरवाले' म्हणायचे, आणि ते त्याला फार आवडायचं. ज्याची आई त्याच कंपनीच्या प्लॉटात रोजानं कपाशीच्या कळ्या सोलायला जायची, त्याला गार काचेच्या खोलीत चपला बाहेर काढून बसायला मिळालं होतं. कोणाला आवडणार नाही?

जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नाही. शेठजींची ही त्यांतलीच एक. मूळचं दुकान मस्तगड भागात, कंपनी नंतरची. पण शेठजी रोज सकाळी आधी दुकानात जाऊन बसायचे, बोहणी करायचे आणि मगच कंपनीत यायचे. पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत दुकानात 'नाही' हा शब्द काढायची सोय नव्हती. माल संपला तर 'संपला' म्हणायचं नाही, 'वाढला' म्हणायचं. एका नोकरानं बोहणीच्या आधी उधारीचं नाव काढलं, तर त्याला दिवसभर पायरीवर बसवून ठेवलं होतं.

वसंताला इथं आणलं ते तातेरावांनी. तातेराव वाटूर गावचे, वसंताच्याच गल्लीतले. शेतकीची पदविका करून कंपनीत लागले आणि कपाशीच्या एका वाणामागं लागले. कमी पाण्यात तग धरणारा आणि बोंड मोठं देणारा वाण त्यांना काढायचा होता. दरवर्षी या झाडाचा पराग त्या झाडाला, त्यातून निघालेलं पुन्हा तिसऱ्याला, असं एक तप चाललं होतं. संध्याकाळी बायका कळ्या सोलून आतले पुंकेसर काढून ठेवायच्या, सकाळी पराग लावून दोरा बांधायच्या. वसंताची आई सगुणाबाई त्यांच्यात सगळ्यांत हलक्या हाताची. तिचं पोरगं दहावीला इंग्रजीत पास झालं म्हटल्यावर तातेरावांनी त्याला जालन्यात कंप्युटरच्या क्लासला घातलं, आणि जागा निघाली तेव्हा शेठजींपुढं स्वतः उभे राहिले.

तातेरावांच्या या नोंदींच्या जुन्या कागदांना गोदामात वाळवी लागली, तेव्हा सगळं कंप्युटरात घालायचं ठरलं. पावसाळाभर तातेराव शेजारी बसून सांगायचे आणि वसंता टाइप करायचा. "चौदाची आई सात, बाप एकवीस. लिही." माणसांची सोयरीक सांगावी तसं ते झाडांचं गोत सांगायचे. सगळं भरून झालं तेव्हा वसंताच म्हणाला, "काका, आता हे कागद ठिवून काय करायचं? कंप्युटरात गेलं म्हंजी वाळवीचा बाप आला तरी खाऊ शकत न्हाई." तातेरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि कागद रद्दीत देऊन टाकले. विश्वास टाकायचा तर असा, आणि तो ठेवणाराही तसा लागतो.

मग औरंगाबादहून एक इंजिनिअर येऊन बॅकअपचं मशीन बसवून गेला. कंप्युटरात जे असेल त्या सगळ्याची नक्कल रात्री आपोआप एका टेपवर व्हायची. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक लांबलचक यादी होती. काम सुरू झालं, पुरं झालं, फसलं, टेप बदला, टेप खराब आहे, जागा भरत आली. प्रत्येकापुढं टिक करायला एक चौकोन, आणि त्यापुढं ती खबर कोणाच्या मोबाइलवर जायची त्यांची नावं. इंजिनिअर म्हणाला, "बाकी कोणताही चौकोन रिकामा ठेव, पण 'फसलं'चा ठेवू नको. ज्याची चीज आहे त्याला आधी कळलं पाहिजे."

वसंतानं सगळ्या चौकोनांवर टिक केली. नावं कोणाची घालायची? शेठजींचं घातलं, मॅनेजर अप्पारावांचं घातलं. ज्याची चीज होती तो माणूस चिखलाच्या पायांनी प्लॉटात फिरत होता. त्याच्याकडं मोबाइल नव्हता, आणि त्याचं नाव वसंताच्या मनातसुद्धा आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात रात्री लाईट गेली आणि बॅकअप फसला. शेठजी दुकानाचं शटर वर करत होते तेव्हाच त्यांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तडक वसंताला फोन लावला.

"वसंता, सकाळी सकाळी 'फेल' काय पाठवतो रे? माझी बोहणी व्हायचीय अजून."

"शेठजी, ते आपोआप आलं. रात्री लाईट गेल्ती."

"मंग आपोआप बंद कर. चांगलं असंल तेवढंच मला धाडायचं. वाईट काय असंल ते अप्पारावला सांग."

अप्पारावांनी आधीच हात झटकून ठेवले होते. "मला ते इंग्रजी मेसेज नको बाबा. तू हाय ना बघायला?"

वसंतानं 'फसलं'पुढची टिक काढून टाकली. आपण रोज स्क्रीनवर बघतोच की, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्या दिवसापासून फक्त बरी खबर जाऊ लागली. सकाळी मेसेज यायचा, 'बॅकअप सक्सेसफुल'. शेठजी तो दुकानात बसलेल्यांना दाखवायचे. "हे पाहा, आमच्या वसंताचा मेसेज. हा आला की गिऱ्हाइकाला तोटा न्हाई." देवाला उदबत्ती लावायच्या आधी ते मोबाइल बघायला लागले. वसंताची छाती फुगली. त्याची बायको बेबीनंदा म्हणाली, "शेठ तुमच्या मेसेजवर दुकान उघडतेत म्हंजी तुम्ही कायम झाल्यातच जमा." नोकरीत कायम होण्याचंच बोलणं त्या घरात तेव्हा रात्रंदिवस चाललं होतं. आईचे गुडघे गेले होते, आणि तिनं प्लॉटात जाणं थांबवावं असं दोघांनाही वाटत होतं.

एका सकाळी शेठजींचा पुन्हा फोन. मुलीचं स्थळ पाहायला परभणीला निघाले होते, गाडी दारात उभी होती. "आज तुझा मेसेज न्हाई आला?"

वसंतानं स्क्रीनकडं पाहिलं. लाल ओळ. भारनियमनात लाईट गेलेली, बॅकअप अर्धवट. तो म्हणाला, "नेटवर्कला टाइम लागून राह्यला शेठजी, येईल आता." आणि त्यानं कंप्युटरवरून ते दोन शब्द स्वतःच्या बोटांनी टाइप करून पाठवून दिले.

सोयरीक जमली. शेठजींनी कंपनीत पेढे वाटले, पहिला वसंताला. त्या पेढ्यानं त्याचं वाटोळं केलं. पुढं जेव्हा जेव्हा लाल ओळ यायची, तेव्हा तेव्हा तो हातानं मेसेज धाडायचा. लबाडी एकदा खपली की माणूस तिला सवय म्हणतो.

मग टेपचं मशीनच बिघडलं. टेप आत ओढायचं आणि चघळून बाहेर टाकायचं. लाल ओळी रोजच्याच झाल्या. वसंता अप्पारावांकडं गेला. "साहेब, नवं मशीन लागंल. ह्याच्यानं आता बॅकअप होत न्हाई."

अप्पारावांनी चष्मा वर केला. "होत न्हाई? शेठजींला तर रोज मेसेज येतो सगळं बराबर म्हणून. मंग मी कोणत्या तोंडानं एवढा खर्चा मागू? तुझा मेसेज खोटा हाय का?"

इथं त्यानं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. फार तर शेठजी चिडले असते, पायरीवर बसवलं असतं. वसंता म्हणाला, "न्हाई, तसं न्हाई," आणि परत येऊन मशीन फडक्यानं पुसत बसला. जणू ते धुळीनंच आजारी होतं.

तातेराव रोज प्लॉटाकडं जाताना त्याच्या खोलीवरून जायचे. सुरुवातीला दारात थांबून विचारायचे, "माझं हाय ना बराबर?" "बिलकुल, काका." पुढं पुढं विचारायची गरज उरली नाही. ते काचेबाहेरून हात वर करायचे, वसंता आतून करायचा.

उन्हाळ्यात लाईट नाही, एसी बंद, खोलीची भट्टी झालेली. अशात कंप्युटरची डिस्क गेली. औरंगाबादचा इंजिनिअर आला, डिस्क मुंबईला घेऊन गेला आणि हात हलवत परत आला. बाकीच्या टेपा मशीननं चघळलेल्या; एक जुनी, अर्धवट बॅकअपची टेप तेवढी चालली, तिच्यात लाईट जायच्या आधी उतरलेली बिलंच होती. मग आठवड्याभरात नवं मशीन आलं. बैल गेला आणि झोपा केला.

शेठजींचं काही गेलं नाही. हिशेब मुनीमजींकडं कागदावर होते. गेलं ते तातेरावांचं. बियांची पाकिटं कपाटात तशीच होती, पाकिटांवर नंबर होते, पण कोणता नंबर कोणाचं लेकरू हे सांगणारं काही उरलं नव्हतं. आणि वाणाचं गोत माहीत नसलं की पुढं एक पाऊल टाकता येत नाही. शेठजी म्हणाले, "जाऊ द्या तातेराव, नशीब. आता सगळेच वाण बाहेरून विकत घेऊन राह्यले." त्यांचा प्लॉट मोडला, आणि ते वाटूरला परतले. प्लॉटावरच्या बायकांना दुसरीकडं रोजगार बघायला सांगितलं. त्यांत सगुणाबाई होती.

वसंताला काढलं असेल असं वाटेल. त्याला दिवाळीत कायम केलं. डिस्क गेली यात पोराचा काय दोष, असं शेठजी म्हणाले. पायगुणाचा पोरगा आहे, त्याच्या मेसेजवर माझ्या मुलीचं लग्न जमलं. 'फसलं'पुढचा चौकोन नव्या मशीनवरही रिकामाच राहिला.

दिवाळी झाल्यावर वसंता पेढे घेऊन वाटूरला गेला. तातेराव अंगणात म्हशीसाठी सरकी भिजवत होते. शेजारी कंपनीतून आणलेली बियांची पाकिटं फोडून टाकलेली होती, त्यांच्यावरचे नंबर वसंताच्याच प्रिंटरवर निघालेले. पेढ्याचा पुडा त्याच्या हातातून पुढं झालाच नाही.

"काका, ते मेसेज मी हातानं पाठवत व्हतो. बॅकअप होतच न्हवता."

तातेराव घमेल्यात हात फिरवत राहिले. "म्हंजी शेठला रोज सांगत व्हता."

"हां."

"आन् मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमच्याकडं मोबाइल न्हवता, काका. यादीत नाव..."

"मोबाइल न्हवता," तातेराव म्हणाले. "मी तर रोज तुझ्या काचेसमोरून जात व्हतो. तू हात वर करत व्हता."

वसंताला तोंड लपवायला जागा सापडेना. काहीतरी करायचं म्हणून त्यानं खालचं एक पाकीट उचललं. चौदा नंबर. पावसाळाभर ऐकलेलं एवढं एकच त्याच्या डोक्यात शाबूत होतं, आणि ते सांगितलं तर जणू काही परत येईल असं त्याला वाटलं.

"चौदाची आई सात, बाप एकवीस. माझ्या ध्यानात हाय, काका."

तातेरावांनी पहिल्यांदा मान वर केली. "आन् सातची?"

वसंतानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं; त्यावर नुसता नंबर होता. तातेरावांनी स्वतःशीच ओठ हलवून काही आठवतं का पाहिलं, मग घमेलं उचलून म्हशीपुढं सरकवलं. म्हशीनं तोंड घातलं.

"भाकर खाऊन जाय," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.