तांदळाच्या पिंपातलं पुस्तक

पनवेल तालुक्यात वाचन उपक्रमाची तपासणी करत हिंडायचो, तेव्हा उलव्याकडच्या एका शाळेत ती भेटली. मुलांची खिचडी शिजवणारी बाई. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गुरुजींनी तिच्याकडेच दिलेली. माझी ही दिवसातली चौथी शाळा, आणि फॉर्म तोच. तिने कुलूप काढलं, एकेक पुस्तक पदराने पुसून माझ्या हातात दिलं. सगळी कोरी करकरीत.

यादीतलं एक मात्र कमी भरलं.

ती स्वयंपाकखोलीत गेली. तांदळाच्या पिंपातून ते घेऊन आली. शिवण सुटलेली, पानं शितांनी चिकटवलेली, वर हळदीचे डाग.

"खिचडी शिजंपरत पोरी मला वाचून दावतात. मला कुठं वाचता येतं?"

"मग बाकीची का देत नाही त्यांना?"

"फाटलं तं तुमी इचारता, साहेब. वाचलं नाय तं कोन इचारतो?"

माझ्या फॉर्मात 'फाटलेली' असा रकाना होता. 'वाचलेली' असा नव्हता. मी 'फाटलेली'पुढे शून्य लिहिलं आणि पुस्तक तिला परत दिलं. ती कपाटाकडे वळली.

"तिथे नको," मी म्हटलं. "पिंपातच राहू द्या."