शेऱ्याचा रकाना

पंचवीस वर्षं मी लाल गाडीवर कंडक्टर होते. म्हणजे पंचवीस वर्षं उभी होते. नाशिक-सिन्नर, नाशिक-मालेगाव आणि मधल्या खेड्यापाड्यांच्या फेऱ्या, सगळ्या उभ्यानंच. निवृत्त झाले तशी घरची माणसं म्हणायला लागली, आता बसा. मला बसता येत नाही. बसले की पाय हलतो, पाय आवरला की बोटं हलतात. सुनेनं लावलेली डब्यांची फळी मी दोनदा काढून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा ती नुसती बघत राहिली. त्या दिवशी ठरवलं, घराबाहेर पडायचं.

पण पडायचं कशाच्या जोरावर? दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टर म्हणाले, "रस्त्यावर फार चालू नका. पाण्यात चाला, पोहायला शिका. मांड्यांचे स्नायू घट्ट झाले तर ठीक, नाहीतर वर्षभरात वाट्या बदलाव्या लागतील."

"या वयात पोहायला शिकू?"

"या वयात वाट्या बदललेल्या चालतील का?"

डॉक्टरांवर चिडून उपयोग नव्हता, तरी चिडलेच. दुसऱ्या दिवशी जाऊन पालिकेच्या तरणतलावाचा फॉर्म आणला. तलाव घरापासून दोन स्टॉपवर. महिलांची बॅच सकाळी साडेआठ ते साडेनऊ.

पहिल्या दिवशी पाण्यात आम्ही चौघी. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण आवाज अगदी कंडक्टरचा. म्हणाली, "डोकं पाण्यात घाला आणि श्वास सोडा." आम्ही चौघींनी दोन बोटांनी नाक धरलं, डोळे मिटले, तीन डुबक्या मारल्या आणि वर येऊन हात जोडले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी काठावर बसूनच हसायला लागली. "मावशी, हे रामकुंड नाहीये!"

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जन्म गंगेकाठी गेला आणि पाण्याशी ओळख काय ती तीन डुबक्यांची. नाक सोडायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं मला काठावरचा दांडा सोडून चालायला लावलं. "दांडा धरा, दांडा धरा" असं आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलेली बाई मी, माझीच बोटं सुटेनात. सुटली तेव्हा छातीभर पाण्यातून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. दुखलं नाही. वळून परत आले. तरी दुखलं नाही. किती वर्षांनी मी भराभर चालत होते! मला रडू आलं. मी तोंड पाण्यात घातलं, या वेळी नाक न धरता. मुलगी म्हणाली, "शाब्बास, असंच."

त्या दिवसापासून चोवीस तासांतला तो एकच तास माझा होता. बाकीचे तेवीस मी घड्याळाकडे बघण्यात काढायचे.

चौघींतली एक फुलवाली होती, मखमलाबादच्या पुढच्या मळ्यातली. पहाटे फुलबाजारात शेवंती देऊन तशीच तलावावर यायची. टोपी घातली तरी केसांत पाकळी सापडायचीच. फुलं तोडताना वाकून वाकून कंबर धरली होती, म्हणून तिलाही डॉक्टरांनी पाण्यात पाठवलेलं. रोज निघताना दारात थांबून विचारायची, "ताई, उद्या हाय ना बॅच?"

"आहे गं बाई, जाणार कुठे?" मी म्हणायचे. पण तो प्रश्न मला टोचायचा. का टोचतो ते तेव्हा कळत नव्हतं.

महिना संपायला आठ दिवस राहिले होते. दारावर कागद लागला. उपस्थिती अपुरी असल्याने महिलांची बॅच पुढील महिन्यापासून बंद करण्याचे प्रस्तावित आहे, वगैरे. मी तो ओल्या केसांनी उभ्यानं वाचला आणि माझं डोकं फिरलं.

यादीत नावं बरीच होती, येणाऱ्या आम्ही चौघी. म्हटलं, गाडी भरायची कला आपल्याइतकी कुणाला येते? दोन दिवस रिक्षानं घरोघर फिरले, स्टँडवर ओरडावं तशी. चला, जागा आहे, चला. सगळ्याजणी हसल्या, चहा पाजला आणि एकच बोलल्या. साडेआठला? साडेआठला पोरांचे डबे, नवऱ्याचा डबा, त्यातच सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्यांची जेवणं. दुपारी तीनला असेल तर लिहा आमचं नाव. घोडं इथे अडलं होतं. ही वेळ ज्यानं काढली, त्याचा डबा नक्कीच दुसरं कुणीतरी भरत असणार.

ते तोंडावर सांगायचंच म्हणून मी व्यवस्थापकांच्या खोलीत शिरले. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण मी अजून पाण्यात धड राहायलाही शिकले नव्हते. व्यवस्थापक म्हणजे तिशीतला साधा, दमलेला माणूस. माझं सगळं भाषण त्यानं ऐकून घेतलं. मग हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"मावशी, मोजून चारजणी येतात. मला वर आकडा कळवावा लागतो. खोटा आकडा लिहू का?"

 हे वाक्य माझं होतं, एके काळी मी ते स्वतःलाच ऐकवलं होतं.

सिन्नरच्या पुढे एका गावाला आमची दुपारची फेरी जायची. गाडीत किती माणसं बसली यावर फेरीचं भवितव्य ठरतं. त्याला आमच्यात भारमान म्हणतात. त्या फेरीचं भारमान कधीच नव्हतं. सहाजण, फार तर सात. त्यात एक म्हातारी असायची. तालुक्याला सरकारी दवाखान्यात साखरेच्या गोळ्या घ्यायची, बाजारातून एक चक्कर मारायची आणि परतीच्या गाडीनं घरी. एवढंच तिचं चालणं, एवढंच तिचं बाहेर पडणं. उतरताना दांड्याला धरून विचारायची, "उद्या हाय ना गं गाडी?"

फेरीचा अहवाल मागवला तेव्हा मी सहा लिहिले. खरे सहा. पुढे शेऱ्याचा रकाना होता, तो कोरा ठेवला. ते सहाजण कोण आणि कशासाठी येतात हे साऱ्या आगारात फक्त मला माहीत होतं. पण शिफ्ट संपत आली होती, मला घरी जायची घाई होती. फेरी बंद होणार हे मला कळल्यावरही म्हातारीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हाय की आजी." खरं सांगायचं धैर्य झालं नाही. फेरी बंद झाली. नंतर त्या रस्त्याच्या ड्रायव्हरनं सांगितलं, ती बरेच दिवस फाट्यावर येऊन उभी राहायची.

हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. खोटं काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून तर आणखी लाज वाटते.

व्यवस्थापक माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं असावं, बाईचं बोलून झालं, आता जाईल.

"साहेब, यात शेऱ्याचा रकाना असतो ना?"

त्यानं बोट ठेवून दाखवला. रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. "यात काही लिहीत नाही कुणी," तो म्हणाला. मग टेबलावरचं पेन उचलून माझ्यापुढे धरलं. "लिहा तुम्ही. मी खाली सही करतो."

मी लिहिलं. उभ्यानंच लिहिलं. की सकाळी साडेआठला घरोघरी डबे भरायचे असतात. दुपारी तीनला बॅच घेतली तर यायला तयार असलेल्या बायकांची नावं सोबत जोडली आहेत. आज येणाऱ्या चौघींत एकीचे गुडघे गेलेत, एकीची कंबर, एकीला साखर आहे, एकीला बाळंतपणानंतर कुणी घराबाहेरच पडू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी यांना पाण्यात पाठवलं आहे, पाणी बंद झालं तर त्या घरात बसतील. आणि शिडीची शेवटची पायरी फार उंच आहे, तिथे दांडा लावावा.

अक्षर रकान्यातून बाहेर जाऊन समासात शिरलं. त्यानं वाचलं. "मावशी, शेरा दोन ओळींचा असतो हो."

"साचलेला होता," मी म्हटलं.

नंतरचे दिवस कसे काढले ते सुनेला विचारा. डब्यांची फळी, कपाट, देव्हारा, सगळं दोनदा लावून झालं. दुसरा काही विचारच डोक्यात नव्हता. पाण्यात चालतानाही हातावर हात घासत राहायचे. फुलवाली रोज विचारायची आणि मी रोज म्हणायचे, "अजून कळलं नाही गं." निदान एवढं तरी या वेळी खरं बोलत होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी जुन्या कागदाच्या जागी नवा आला. महिलांची बॅच दुपारी तीन ते चार, दोन महिने प्रायोगिक तत्त्वावर. पायरीच्या दांड्याचं काही नव्हतं. मी दोनदा वाचला.

दारात फुलवाली उभी होती. तिला वाचता येत नाही. "ताई, उद्या हाय ना?"

"हाय की," मी म्हणाले. "दुपारी तीनला ये."

ती पिशवी काखेत मारून रस्त्याला लागली. आणि माझ्या कानात माझाच आवाज राहिला. तोच, तसाच, "हाय की." मी वळले, कठड्याला धरून तीन पायऱ्या परत चढले आणि वॉचमनला हाक मारली.

"तो कागद वाच जरा."

"मावशी, आत्ताच तर वाचलात तुम्ही."

"मोठ्यानं वाच. तारखेसकट."

त्यानं वाचला. तारीख उद्याचीच होती. मी त्याला पुन्हा वाचायला लावला.