सामाईक विहीर

परतीचा पाऊस यंदा आलाच नाही. दसरा कोरडा गेला, दिवाळी कोरडी गेली आणि कोकणात कसला आलाय दुष्काळ, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मागे एकदा असंच झालं तेव्हा समुद्रालगतच्या आमच्या वाडीतल्या विहिरी एकेक करून खाऱ्या झाल्या होत्या. विहीर फार उपसली की समुद्र आत शिरतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या पुन्हा गोड्या झाल्या नाहीत. गोडी राहिली ती एकच, माझ्या आणि माझ्या चुलतभावाच्या घरांमधली सामाईक विहीर.

चुलतभावाने खोल्या बांधून पर्यटक ठेवलेत. दोनदा आंघोळ केल्याशिवाय त्या लोकांना जेवण जात नाही. पाणी झपाट्याने उतरायला लागलं, तेव्हा माझा संशय दुसऱ्या कोणावर जाणार? रोज सकाळी विहिरीच्या पायऱ्या उतरून मी पाण्यालगत चुन्याची रेघ मारायला लागलो. एकदा बघतो तर समोरच्या दगडांवर गेरूच्या रेघा. म्हणजे हा माझ्यावर नजर ठेवून होता. मला भयंकर राग आला.

"दादा, पाणी खंय जाता?" मी सरळ विचारलं.

"माका कित्याक इचारतंस? तुझ्या माडांका इचार," तो म्हणाला.

माझे माड त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपतात. आठवड्याभरात त्याच्या दारात नवी काळी टाकी उतरली. पाणी आटलं की हा एकटा पिणार, हे उघड होतं. मीही कसालच्या बाजारातून तिच्याहून मोठी आणली. मग त्याने पंप लावला की मी लावायचो, मी लावला की तो. दोन्ही टाक्या भरल्या तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता.

दोन दिवसांनी पाणी आपणहून वर चढलं. त्याच्या रेघा बुडाल्या, माझ्याही बुडाल्या. झरे जिवंत आहेत म्हणून मला केवढा आनंद झाला. ताज्या पाण्याची कळशी मीच घरात नेऊन ठेवली. थोड्या वेळाने बायको चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"दूध फुटला. पाणी चाखून बगा."

चाखायची गरज नव्हती, तरी विहिरीवर जाऊन चाखलं. पलीकडे भाऊ ओली ओंजळ झटकत उभा होता.

आता वाडीत गोडं पाणी उरलंय ते आमच्या दोन टाक्यांत. दुपारी मी माझ्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. त्याच्या टाकीला ते आधीच लागलं होतं.