विम्याला मी नको म्हणालो

आमच्या नात्यागोत्यात माझं नाव फार चांगलं आहे. लग्नाकार्यात कुणी नवा माणूस भेटला की अक्का – माझी थोरली बहीण, शारदा – माझा हात धरून त्याला सांगते, "हा माझा भाऊ रघू. माझं घर व्हावं म्हणून यानं स्वतःची साइट सोडली." तो माणूस माझ्याकडे कौतुकानं बघतो. मी खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

गोष्ट खरी आहे. पण अर्धी. उरलेली अर्धी मी बायकोलाही सांगितलेली नाही. आज का सांगतोय? ठाऊक नाही. एवढंच कळतं, की ती आता माझ्याच्यानं एकट्यानं पेलवत नाही.

आमच्या बेंगळुरूत मोकळ्या प्लॉटला साइट म्हणतात, आणि साइट म्हणजे माणसाची अब्रू. आमचे पूर्वज कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. इतक्या पिढ्या काढल्या, पण माझ्या नावावर या गावातली हातभर जमीन नव्हती. मारतहळ्ळीच्या ऑफिसात डबे उघडले की साइटच्या गप्पा सुरू व्हायच्या. कालपरवा नोकरीला लागलेली पोरंसुद्धा बोलायची. मी भात कालवत ऐकायचो.

अक्काची गरज निराळी होती. बसवनगुडीच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. भावोजी लवकर गेले, मूलबाळ नाही. भाड्याच्या घरात सगळा जन्म गेला आणि निवृत्त होता होता मालकानं सांगितलं, घर पाडून फ्लॅट बांधणार, जागा सोडा. तेव्हा ती मला म्हणाली, "रघू, आता मला असं घर पाहिजे जिथून कुणी ऊठ म्हणणार नाही."

मीच शोध घेतला. शहराच्या दक्षिणेला, मेट्रो संपते त्याच्याही पुढे, दोन भाऊ त्यांच्या वडिलांच्या शेतीतला शेवटचा तुकडा विकत होते. शेजारी शेजारी दोन साइटी, आणि घेतल्या तर दोन्ही मिळूनच घ्यायच्या. मला तर देवच पावला. एक अक्काची, एक माझी. मधे कुंपणही घालायचं नाही, असं आम्ही ठरवूनसुद्धा टाकलं.

त्याच सुमारास मंजुनाथ अक्काला भेटायला आला. तिचा जुना विद्यार्थी, एका विमा कंपनीत नोकरीला. साइटचं ऐकून तो म्हणाला, मॅडम, आता जागेच्या मालकीचाही विमा असतो. हप्ता एकदाच भरायचा. पुढं कुणी उठून 'ही जागा माझी' म्हणालं, तर कोर्टाचा खर्च कंपनीचा आणि जागा गेली तर भरपाईही कंपनीची. एकेकट्या माणसाला तो सहसा कुणी देत नाही, पण मी साहेबांशी बोलून बघतो. मात्र त्याआधी कंपनीचा वकील सगळे कागद तपासणार. गावात माणूस जाणार, विकणाऱ्याच्या घरात कोण कोण आहे ते चार लोकांना विचारणार. आणि तुम्हाला आधीपासून माहीत असलेली गोष्ट तुम्ही लपवलीत, तर विमा असून नसल्यासारखा.

अक्काला ते फार पटलं. गणिताची बाई ती. तो गेल्यावर मला म्हणाली, "काढूया का रे? स्वल्प खर्च होईल, पण झोप तरी लागेल. मला यातलं कळत नाही, तू म्हणशील तसं."

मी नको म्हणालो.

का म्हणालो? खर्चासाठी? नाही हो. खर्चाचं कारण असतं तर हे सगळं लिहायला बसलोच नसतो.

त्याच्या थोडंच आधी मी एकटा साइट बघायला गेलो होतो. दुपारची वेळ. पावलांनी जागा मोजत होतो – इथं जिना, इथं अक्काची खोली. समोरच्या कौलारू घरातून एक बाई आली. पन्नाशीची असेल. हातात पाण्याचा तांब्या. ऊन फार आहे, पाणी प्या म्हणाली. मी प्यालो. मग तिनं विचारलं, "घेताय का ही जागा?"

हो म्हणालो.

"मी रत्नम्मा. विकणाऱ्या दोघांची बहीण. ही आमच्या बापाची जमीन, अण्णा. मला कुणी विचारलंही नाही. वंशवृक्षाच्या दाखल्यात त्यांनी दोन मुलगेच दाखवलेत, मुलगी नाहीच. तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, म्हणून आधीच सांगते. माझी सही झाल्याशिवाय घेऊ नका."

एवढं स्वच्छ. याहून स्वच्छ कुणी कुणाला काय सांगावं?

मी म्हणालो, "सरी अम्मा, बरं, बघतो." तांब्या परत दिला आणि गाडी काढली.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. हे बोललो तर अक्का मागे सरणार, व्यवहार मोडणार आणि माझी साइटही जाणार. खेड्यातल्या बाया असं बोलतच असतात, कोर्टात कोण जातंय, असं मी मनाशी म्हटलं. आणि आता हा मंजुनाथ! कंपनीचा माणूस गावात चौकशीला गेला की पहिल्यांदा कोण भेटणार? समोरच्या कौलारू घरातली रत्नम्मा.

म्हणून मी अक्काला सांगितलं, "ते विमे मोठ्या बिल्डरांसाठी असतात गं. आपल्या इवल्याशा साइटला कशाला? आणि मी कागद एका चांगल्या वकिलाला दाखवलेत. सगळं साफ आहे म्हणाला."

असा कुणी वकील नव्हताच.

बघा – शेवटी किती लहान वाक्य आहे.

रजिस्ट्रेशन झालं. ऑफिसातून बाहेर येताना अक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. मी तो ठेवू दिला.

पुढच्या वर्षी तिनं बांधकाम काढलं. भिंती उभ्या राहिल्या, छत टाकून झालं, आणि कोर्टाचा मनाई हुकूम आला. रत्नम्मानं दोन्ही साइटींवर दावा लावला होता. मजूर निघून गेले. अक्का त्या बिनदारांच्या खोल्यांतून एकटीच हिंडली. मग म्हणाली, "चल, आपण त्या बाईंना भेटू." मी नाही नाही म्हणत होतो. वकिलाला विचारू, असं जाऊ नये, काय वाटेल ते बोलतील. ती पायात चपला घालून उभी.

रत्नम्मानं दार उघडलं. आधी अक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिनं मला ओळखलं. ओळखलं नसेल अशी आशा मला क्षणभरसुद्धा करता आली नाही.

आम्ही बसलो. अक्कानं हात जोडले, शाळेतली बाई म्हणून ओळख सांगितली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? शपथेवर सांगते, आम्ही घेतलीच नसती."

रत्नम्मा माझ्याकडे बघत राहिली. तिनं फक्त बोट दाखवायचं होतं.

"आधी कुणाला सांगणार, टीचरम्मा?" ती म्हणाली, आणि कॉफी करायला आत गेली.

परतताना गाडीत अक्का म्हणाली, बाई खरी आहे, तिचा हक्क आहे, मी घर सोडून देते. तेव्हा मी म्हणालो, नको, माझी साइट तिला देऊ आणि तुझ्या साइटवरचा हक्क तिला सोडायला सांगू. अक्का रडली. गाडी बाजूला घ्यायला लावली आणि रडली. मी हे पश्चात्तापानं म्हणालो, की खटला लांबला तर कधीतरी रत्नम्मा बोलेल या भीतीनं? तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही. पण त्या दिवसापासून मी नात्यात दानशूर झालो.

रत्नम्मानं ते मान्य केलं, दावा मागे घेतला आणि अक्काचं घर पुरं झालं. वास्तुशांतीला मंजुनाथ आला होता. जेवताना त्यानं हळूच विचारलं, "सर, तुमच्या वकिलाला ती बहीण सापडली कशी नाही?" मी म्हणालो, "चुकलं असेल त्यांचं." आणि वाढता वाढता अक्का म्हणाली, "जाऊ दे रे, त्या वकिलाचं पाप त्याच्यापाशी." मी पुरणाची होळिगे खात होतो. खाल्ली.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस जळत असेल. खरं सांगू? मी जळतो त्याहून जास्त उपकारांखाली आहे. माझ्या साइटवर रत्नम्मानं दोन खोल्या बांधल्या. मधे कुंपण नाहीच. गेल्या वर्षी अक्का न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. रत्नम्मानं हाक ऐकली, रिक्षावाल्याला घेऊन दार उघडवलं, दवाखान्यात नेलं, आणि नंतर कित्येक दिवस तिला आंघोळ घातली, वेणी घातली. अक्का पुन्हा चालू लागली ती तिच्या खांद्यावर हात ठेवून. जी बाई कंपनीच्या माणसाला भेटू नये म्हणून मी विम्याला नको म्हणालो, तीच माझ्या बहिणीला मिळाली. हे कुणामुळे मिळालं? माझ्यामुळे तर नक्कीच नाही. रोज मनातल्या मनात मी तिला नमस्कार करतो, आणि समोर आली की हवापाण्याचं बोलतो.

गेल्या थंडीत मी अक्काची औषधं घेऊन गेलो. अक्का आत व्यायाम करत होती. रत्नम्मा ओट्यावर अवरे सोलत बसली होती, त्या शेंगांचा वास अंगणभर होता. मी तिच्याशेजारी बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. कसं कोण जाणे, मी विचारलं.

"अम्मा, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "मला दोन भाऊ होते. वाटा मागितला आणि दोघंही तुटले. सणाला माहेरून हळदकुंकूही येत नाही. टीचरम्मांना एकच भाऊ आहे. तोही मी कशाला काढून घेऊ?"

आतून अक्कानं हाक मारली, "कोण आलंय, रत्ना?"

"तुमचा भाऊ," ती म्हणाली.