झुवैना आणि धबधब्याची वाट

झुवैनाचा मुलगा नबहान जन्मापासून बहिरा, आणि घर घळीच्या तोंडाशी. या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्यावर तिच्या जिवाला स्वस्थता कुठून मिळणार?

एरवी त्या घळीत भिण्यासारखं काही नाही. वाट सोपी आहे. पाटाच्या कडेनं, खजुरींच्या सावलीतून, मग उन्हात तापलेल्या खडकांवरून. मस्कतची माणसं शुक्रवारी पोरं कडेवर घेऊन धबधब्यापर्यंत जातात, डोहात डुंबतात आणि परत येऊन मासे-भात खातात. पण वर डोंगरात पाऊस पडला, की इथं थेंब नसतानाही पाण्याचा लोंढा येतो. आधी त्याचा आवाज येतो, मग पाणी. गावातली माणसं त्या आवाजावर जगत आली होती. नबहानला तो आवाजच नव्हता.

तो लहान असताना, खजूर उतरवायच्या दिवसांत, असाच लोंढा आला. सगळे ओरडत काठावर पळाले. नबहान मात्र पाठ करून गोट्यांचा बांध घालत बसलेला. झुवैना उलटी धावली, तिनं त्याला मानगुटीला धरून काठावर भिरकावलं, आणि वाहत आलेल्या ओंडक्यानं तिचा गुडघा फुटला तो कायमचा. त्या दिवसापासून नबहानला घळ बंद झाली. नवरा म्हणायचा, "पोराला काय कोंडून ठेवणार आहेस?" तिनं ठेवलंच.

पुढे नबहान सूर शहरात लाकडी होड्या बांधायच्या कामाला लागला, तिथल्या समुद्रात पोहायला शिकला आणि एका हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. सून रय्या बोलकी. महिन्याभरातच ती घरातल्या सगळ्या खुणा शिकली, वर स्वतःच्या चार नव्या घातल्या. एका शुक्रवारी सकाळी, नबहान सुट्टीला घरी असताना, ती दारातूनच सासूला म्हणाली, "अम्मती, आम्ही धबधब्यावर जाऊन येतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि तुमचा मुलगा. लग्न झालंय आमचं, विसरलात का?"

झुवैनानं मुलाकडे बघून हात हलवला, नको. त्यानं पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ती दोघं गेल्यावर तिनं भाताला आधण ठेवलं. तांदूळ निवडताना, धुताना ती पुन्हा पुन्हा खिडकीतून डोंगराकडे बघत होती. शिखरामागे एक ढग होता. फार मोठा नव्हता, पण होता. तिनं शेगडी बंद केली आणि निघाली.

घळीच्या तोंडाशी पाणी खोल, तिथं खल्फानची होडी. तो हसला आणि गावच्या रीतीनं तिला मुलाच्या नावानं 'नबहानची आई' म्हणून हाक मारली. "उम्म नबहान, तुम्ही? फिरायला निघालात, की सुनेवर नजर ठेवायला?"

"होडी ढकल."

"अहो, आभाळ बघा, कसं धुतल्यासारखं आहे!"

"शिखरामागे ढग आहे."

"तो कालपासून तिथंच आहे."

"मग आज खाली येईल. ढकल म्हणते ना!"

पलीकडे उतरून ती चालू लागली. गुडघा ठणकत होता, पण तिचं सगळं लक्ष कानांत. पारवे फडफडले, ती थांबली. वरून खडा घरंगळला, ती थांबली. समोरून येणाऱ्या एका कुटुंबाला तिनं विचारलं, "वर एक जोडपं दिसलं का? मुलगा उंच, बोलत नाही." त्यांना आठवेना. त्यांच्या पोरांचे केस ओले होते, हातात संत्री होती, आणि कुणाला कसली घाई नव्हती. त्याचा तिला रागच आला.

डोहापाशी कुणीच नव्हतं. खडकावर नबहानचा पांढरा झगा आणि रय्याच्या चपला, बस. धबधबा दिसत नाही तिथून. तो आतल्या कपारीत पडतो, अरुंद फटीतून पोहत जावं लागतं. "नबहान!" ती ओरडली, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच्याच मूर्खपणानं तिला रडू फुटलं. मग "रय्या!" म्हणून हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या विरून गेल्या.

झुवैनाला पोहता येत नव्हतं. तरी कपड्यांनिशी, खडकाला धरून ती पाण्यात उतरली. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. शेवाळ्यावरून पाय सटकला आणि डोक्यावरून पाणी गेलं.

तिला वर काढलं ते नबहाननं. तो नुकताच फटीतून बाहेर येत होता, मागे रय्या. त्याचा चेहरा पांढराफटक. हातांनीच त्यानं विचारलं, घरी कुणी वारलं का? ती खोकत खोकत खुणा करू लागली. ढग. पाणी. तू.

त्यानं वर बघितलं, मग तिच्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर चिडला. तिचा हात धरून त्यानं काठावरचा एक पांढरा खडा दाखवला, अगदी पाण्याच्या रेषेवर ठेवलेला. मग खुणांनी म्हणाला, पाणी चढलं तर खडा बुडेल. कान नाहीत म्हणून मी डोळेही मिटून पोहतो, असं वाटलं तुला?

रय्या तिचे केस पिळत म्हणाली, "अम्मती, दर थोड्या वेळानं हा बाहेर येऊन तो खडा बघतो. आत धड दोन घटका राहू देत नाही. पाण्यात खेळतानासुद्धा कपाळाला आठ्या. अगदी तुमच्यावर गेलाय!"

ती गमतीनं बोलली होती, पण झुवैनाला हसू आलं नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं, भीती आपण एकटीनं वाहिली, पोराला तिची झळ लागू दिली नाही. आणि तीच आता त्याच्या कपाळावर दिसत होती.

लोंढा त्या दिवशी आला नाही. परतताना खल्फाननं तिचे ओले कपडे बघितले आणि होडी ढकलली.

पुढच्या शुक्रवारी तिनं न विचारता चपला घातल्या. डोहाच्या काठी वरच्या अंगाला तोंड करून बसली आणि मुलाला खूण केली, तू जा, बघायला मी आहे. नबहान बायकोमागोमाग फटीत शिरला. या वेळी तो मध्येच बाहेर आला नाही. बराच वेळ आला नाही. इतका वेळ, की झुवैनाच्या छातीत पुन्हा धडधडू लागलं. पण ती जागची हलली नाही.